गोव्यातला पहिला उपवासकाळ: नव्यानं आलेल्यांसाठी

मंगळवारी रात्री उशिरापर्यंत वाड्यावर गाणी चालू असतात. कार्निव्हलच्या मोमो राजाचा हुकूमच असतो, ‘खा, पिये आनी मजा कर’. आणि बुधवारी सकाळी तीच माणसं डोळे चोळत चर्चमध्ये रांगेत उभी, कपाळावर राख लावून घ्यायला. पहिल्या वर्षी हे पाहून मी नवऱ्याला म्हटलं होतं, ही काय नाटकं आहेत? आमच्या श्रीरामपूरकडे असलं काही नव्हतं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जाणारं आमचं घर, उपवासकाळ म्हणजे घरात आवाज खाली, एवढं ठाऊक.

आता म्हापशात चौदा वर्षं झाली. दर जानेवारीत कोणी ना कोणी विचारायला येतं. नगर-नाशिककडून नोकरीसाठी आलेली जोडपी येतात, वसईची मुलं येतात, बाप्तिस्म्याची तयारी करणारे येतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात लग्न करून आलेल्या मराठी सुनाही येतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: ‘सासूबाई म्हणतात करेज्म पाळ. म्हणजे नक्की काय करू?’ त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्यानं सांगत आले ते इथे एकत्र लिहिते आहे. मी कॅथलिक आहे, म्हणून कॅथलिक रीतच सांगते.

आधी शब्द

करेज्म म्हणजे आपला उपवासकाळ, पुनरुत्थानाच्या सणाआधीचे (ईस्टरआधीचे) चाळीस दिवस. शब्द पोर्तुगीजवरून आलेला. इगर्ज म्हणजे चर्च, मीस म्हणजे मिस्सा (चर्चमधली ख्रिस्तप्रसादाची उपासना), पाद्र-विगार म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य फादर, शेर्मांव म्हणजे प्रवचन, पुर्सांव म्हणजे मिरवणूक, खुरीस म्हणजे क्रूस. कुमसार म्हणजे पापनिवेदन. त्याबद्दल पुढे सविस्तर. आणि करेज्माच्या पहिल्या दिवसाचं नाव, गोब्राचो बुधवार, ऐकून दचकू नका. कोकणीत गोबर म्हणजे राख. माझी जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा हे ऐकून तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

प्रार्थनेची पुस्तकं बहुतेक रोमी लिपीत असतात. अक्षरं इंग्रजी, भाषा कोकणी. एक्स दिसला की ‘श’ वाचायचं, आणि ‘ओ’ पुष्कळदा ‘अ’सारखा म्हणायचा. आठवड्याभरात जमतं. मराठी माणसानं इथे स्वतःला अगदीच पाहुणा समजू नये. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच मिसळला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. तेही रोमी लिपीतच, पण ओव्या मराठी.

एक शब्द मात्र नुसता पाठ करून भागणार नाही: काकळूत. मिसामध्ये, लदिनी नावाच्या प्रार्थनामालेमध्ये तो पुन्हापुन्हा येतो. कोकणीत काकळूत म्हणजे दया, करुणा. ती देवाची, सायबिणीची म्हणजे मरियामातेची, देणाऱ्याची. मराठीत आपण काय म्हणतो? ‘तो अगदी काकुळतीला आला.’ म्हणजे मागणारा. मी काही भाषेची पंडित नाही, पण कानाला हे दोन शब्द सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. घाटावर राहिलेली बहीण हात पसरून उभी आहे आणि गोव्यातली ओंजळ भरून देते आहे. पहिली दोन वर्षं मी मराठी कानानंच ऐकत होते. मला वाटायचं, लोक देवापुढे काकुळतीला येतायत, तर आपणही चाळीस दिवस काकुळतीला यायचं.

नवस बोलून सुरुवात करू नका

माझी चूक सांगते म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या उपवासकाळात मी चहा सोडला. नवऱ्याच्या बदलीचं घोंगडं भिजत पडलं होतं. मनात हिशेब सरळ होता: मी चाळीस दिवस चहा पीत नाही, तू तेवढी बदली थांबव. आपल्याकडे नवसाची सवय रक्तात असते, ती काही बाप्तिस्म्याच्या पाण्यानं लगेच धुऊन निघत नाही.

दुसऱ्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मासे घ्यायला गेले. डोकं ठणकत होतं. बांगड्यांच्या वाट्यावर दहा रुपयांसाठी मी त्या नुस्तेकान्नीला चार बायकांसमोर इतकं टाकून बोलले की ती गप्पच झाली. हातातली सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पिशवी घेऊन मी निघाले आणि पायऱ्या उतरताना आठवलं, आज शुक्रवार. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायचंय संध्याकाळी.

कुमसाराला गेले तेव्हा फादरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, चहा आणि मासेवाली. चहाचं जरा जास्तच रंगवून. ते म्हणाले, ‘चहा उद्यापासून घ्या. आणि त्या बाईला भेटून या.’ बदलीबद्दल एक शब्द नाही. सोमवारी गेले. तिला आठवतही नव्हतं, किंवा नाही असं म्हणाली. वर दोन बांगडे जास्त टाकले.

तेव्हापासून नवीन माणसाला मी पहिलं काम सांगते ते हे: राखेच्या बुधवारच्या आधी घरी बसून लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचा. उधळ्या पुत्राचा दाखला. लहानपणापासून ऐकलेला असतो, म्हणून आपण तो वाचत नाही. हळू वाचा. डुकरं राखताना तो मुलगा मनाशी एक भाषण जुळवतो. बापाला काय म्हणायचं, त्याचे तीन तुकडे: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला चाकरांपैकी एकासारखं ठेवा. तिसरा तुकडा हा सौदा आहे. काम करीन, भाकरी द्या. मग तो निघतो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत येतो, गळ्यात पडतो. मुलगा पाठ केलेलं म्हणायला लागतो, पहिला तुकडा, दुसरा तुकडा... आणि तिसरा त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. बाप आधीच चाकरांना झगा आणायला सांगत असतो. अंगठी, जोडे, पोसलेलं वासरू.

माझा चहा म्हणजे तो तिसरा तुकडा होता. देवाच्या दयेला त्याची गरजच नव्हती.

मग उपवास कशाला करायचा, असा प्रश्न लगेच येतो. येऊ द्या. दाखल्यातला मुलगा घरात आल्यावर काय करतो, ते येशूनं सांगितलेलं नाही. मला वाटतं उपवासकाळ त्या न सांगितलेल्या भागात घडतो. झगा अंगावर चढलेला आहे, आता त्यात वावरायचं कसं? आणि थोरला भाऊ अंगणातच उभा आहे, गाल फुगवून. ‘मी इतकी वर्षं राबलो’ म्हणत. करेज्म नेमानं पाळणाऱ्या आम्हा लोकांना तो भाऊ फार जवळचा. वर्षातून एकदा तरी मी त्याच्या शेजारी उभी असते.

हाच दाखला दर वर्षी उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी मिसात वाचतात. शनिवार म्हणून गर्दी नसते. तो एक मीस चुकवू नका.

तारखा

पुनरुत्थानाचा सण दर वर्षी हलतो. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ढोबळ नियम. त्यामुळे पुष्कळदा तो हनुमान जयंतीच्या आसपास येतो. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि पुनरुत्थान रविवार २८ मार्चला आहे. मोजलेत तर मध्ये चाळीस नव्हे, शेहेचाळीस दिवस निघतील. सहा रविवार उपवासात धरत नाहीत, ते प्रभूचे दिवस.

राखेचा बुधवार

सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मीस असतो. कामावर जाणाऱ्यांनी सकाळचाच गाठावा. राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. फादर अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढतात आणि दोनपैकी एक वाक्य म्हणतात: तू माती आहेस, मातीला मिळशील, किंवा, पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव. राख कोणीही घेऊ शकतं, बाप्तिस्मा झालेला नसला तरी. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिसात वाटतात ती पवित्र भाकर, मात्र बाप्तिस्मा न झालेल्यांनी घ्यायचा नाही. रांगेत गेलात तर हात छातीवर फुलीसारखे धरा, फादर आशीर्वाद देतील. बसून राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही.

ऑफिसात ‘कपाळाला काय लागलंय’ विचारतील. गोव्यात हा प्रश्न बहुधा आपल्यासारखा नवीन आलेलाच विचारतो.

त्या दिवसापासून चर्चमध्ये काय बदलतं ते पाहून ठेवा: जांभळा रंग, वेदीवर फुलं नाहीत, ‘आलेलुया’चा जयघोष नाही. चौथ्या रविवारी फादर गुलाबी झग्यात दिसले तर तो धोब्याचा प्रताप नव्हे. तो निम्मा प्रवास झाल्याचा आनंद. पाचव्या रविवारपासून काही ठिकाणी क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडानं झाकतात. गोव्यात या दिवसांत लग्नंही सहसा लागत नाहीत. हॉल स्वस्तात मिळतोय म्हणून तारीख काढू नका, सासर-माहेर दोन्हीकडून बोलणी बसतील.

जेवणाचं

आपल्याला उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली. इथला उपवास वेगळा आहे. काय खाल्लं यापेक्षा किती खाल्लं ते मोजतात. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), या दोनच दिवशी कडक उपवास: एकच पोटभर जेवण, आणि बाकी दोन वेळा थोडंसं, जे मिळून एका जेवणाइतकं होणार नाही. भात चालतो, पोळी चालते. १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत हा नियम. या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी मांस नाही. ते १४ पूर्ण झालेल्या सगळ्यांना, आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. मासे चालतात. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, उन्हात कष्टाचं काम करणारे यांनी उपवासाचा हट्ट धरू नये.

गोव्यात मासे चालतात म्हटल्यावर गंमत होते. शुक्रवारी मटण नाही म्हणून विसवण म्हणजे सुरमई आणायची, तीही तळून, वर कोळंबीची कढी, आणि म्हणायचं आम्ही मांस सोडलं! माझ्या शेजारच्या आजी अशा शुक्रवारी काही न बोलता पेज करतात. उकड्या तांदळाची, जाड, मीठ घातलेली. सोबत चेपणीची तोर. म्हणजे कैरी मिठात दाबून ठेवलेली, सुरकुतलेली, इतकी खारट की एका फोडीवर अख्खी वाटी पेज जाते. ती फोड त्या ताटलीच्या कडेला ठेवतात आणि दर दोन घासांनी नुसती जिभेला लावतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवले तेव्हा मी दोन घासांत फोड संपवली होती. आजी हसल्या, दुसरी दिली नाही.

पुरुषांसाठी खरी परीक्षा हुर्राकाची, म्हणजे काजूच्या ताज्या दारूची. काजूची बोंडं पिकतात आणि भट्ट्या पेटतात त्या नेमक्या याच दिवसांत. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, त्यातला निम्मा करेज्मात जातो. आमच्या वाड्यावर वर्षभर पिणारे दोघे राखेच्या बुधवारी बाटली बंद करतात ती थेट पास्कांच्या म्हणजे पुनरुत्थानाच्या फेस्ताला उघडतात. त्यांची मी थट्टा करायचे. आता करत नाही, कारण मी अजून मोबाइल रात्री नऊनंतर बंद ठेवायचं म्हणते आणि दुसऱ्याच आठवड्यात मोडते.

काय सोडायचं ते ठरवताना एक कसोटी लावा: ते सोडल्यानं वाचलेले पैसे किंवा वेळ कोणाला जाणार? उत्तर नसेल तर ते डाएट आहे.

कुमसार

सगळ्यात जास्त भीती याची, म्हणून सविस्तर.

आधी एक शब्द लक्षात ठेवा, आपलाच. अपराध माफ करणं याला मराठीत ‘पोटात घालणं’ म्हणतात. जुन्या करारात देवाच्या दयेसाठी जो हिब्रू शब्द येतो, रहामीम, त्याचं नातं रेहेम म्हणजे गर्भाशयाशी आहे. आईच्या पोटाशी. हे पहिल्यांदा एका फादरांच्या प्रवचनात ऐकलं तेव्हा वाटलं, हे तर आमच्या आज्जीला न शिकता माहीत होतं. ‘लेकरू आहे, घाला पोटात.’ कुमसाराच्या खिडकीपाशी जाताना मनात कोर्ट आणू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

आदल्या रात्री दहा मिनिटं बसा. स्तोत्र ५१ वाचा. दाविदानं बथशेबेच्या बाबतीत केलेलं पाप नाथान संदेष्ट्यानं त्याच्या पदरात घातलं, त्यानंतरचं म्हणून ते ओळखलं जातं. एक बघा: दावीद सुरुवात पापापासून करत नाही, देवाच्या दयेपासून करतो. पाप नंतर येतं. तुम्हीही तसंच करा. वर्षभरात आपल्याला काय काय मिळालं ते आधी आठवा, मग आपण काय केलं ते. कागदावर लिहायचं तर लिहा, पण नंतर फाडा. एकीची चिठ्ठी प्रार्थनेच्या पुस्तकात राहिली आणि पुस्तक सासूच्या हातात गेलं.

वेळ बहुधा शनिवारी संध्याकाळी, आणि पवित्र सप्ताहाच्या (पुनरुत्थानाआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या) आधी मोठं सामूहिक कुमसार असतं, आसपासचे चार-पाच फादर एकत्र येतात. नवीन माणसानं त्यालाच जावं. रांग लांब असते, पण ओळखीचे नसलेले फादर मिळतात, आणि धीर येतो. भाषेचा बाऊ नको. ‘फादर, मराठीत बोलू का?’ विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

गुडघ्यांवर बसून क्रूसाची खूण करायची. शेवटचं पापनिवेदन केव्हा केलं ते सांगायचं. पहिलंच असेल तर तसं सांगा, पुढची वाट ते दाखवतील. मग पापं. साधी, सरळ. ‘मी रागीट आहे’ असं स्वभाववर्णन नको, ‘मी भावाशी तीन वर्षं बोलले नाही’ असं. आणि दुसऱ्याची पापं सांगत बसू नका. आपण बायका तिथे हमखास घसरतो: ‘फादर, मी नवऱ्याला बोलले, पण त्याचं कारण...’ कारण राहू द्या. फादर दोन शब्द सांगतील, प्रायश्चित्त देतील. एखादी प्रार्थना, एखादं काम. मग पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ नसेल तर आपल्या शब्दांत. त्यानंतर पापक्षमेचे शब्द. उठून थेट बाहेर पळू नका. दिलेली प्रार्थना बाकावर बसून तिथेच पुरी करा, घरी गेलात की राहते.

ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, कोणत्याही परिस्थितीत. आणि बाप्तिस्मा झालेला नसेल तर हा संस्कार अजून तुमच्यासाठी नाही. पण फादरांशी बसून बोलायला कोणाची आडकाठी नाही.

माझ्या अनुभवात कठीण भाग खिडकीपाशी नसतो. तो घरी आल्यावर असतो, जेव्हा फोन उचलून त्या भावाला लावायचा असतो. आपण क्षमा घेऊन आलेलो असतो, त्यामुळे ‘आधी त्यानं करावा’ हे म्हणायला तोंड राहत नाही. मी तरी तो फोन पहिल्या वर्षी केला नाही. दुसऱ्या वर्षी केला, रविवारी दुपारी. त्यानं उचलला आणि म्हणाला, ‘जेवलीस का?’

शुक्रवार आणि रविवार संध्याकाळ

शुक्रवारी खुरसाची वाट: येशूच्या क्रूसाच्या वाटेवरची चौदा ठिकाणं, एकेकापाशी थांबून प्रार्थना. चर्चमध्ये होते, वाड्यांवरही होते, कधी डोंगरावर चढत. वाड्यावरची चुकवू नका. घराघरापुढे एकेक ठिकाण मांडतात, मेणबत्ती, पांढरं कापड, फुलं. शेजाऱ्यांची ओळख व्हायला यासारखी दुसरी जागा नाही. चपला चांगल्या घाला, हातात पाण्याची बाटली ठेवा, विजेरी घ्या.

काही जुन्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी सांतूस पासूस होतात. प्रवचन चालू असताना पडदा सरकतो आणि येशूच्या दुःखसहनाचा एकेक प्रसंग मूर्तीरूपानं समोर येतो: बागेतली प्रार्थना, फटके, काट्यांचा मुकुट. मग मोतेत म्हणजे भक्तिगीतं गातात, लॅटिन, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीनं. ही रचना गोव्यातल्याच मेस्तांनी म्हणजे चर्चच्या संगीतगुरूंनी केलेली, पिढ्यान्‌पिढ्या हातानं उतरवलेल्या वह्यांतून आलेली. शब्द कळले नाहीत तरी चालेल.

आणि एकदा तरी गोवा वेल्हाला जा. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, सेंट अँड्र्यू चर्चपासून संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाची (संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालणाऱ्या संसारी लोकांच्या संघाची) जुनी परंपरा आहे. तीसेक मूर्ती खांद्यांवरून निघतात. अशी मिरवणूक रोमनंतर फक्त इथेच, असं गोंयकार छाती पुढे काढून सांगतात. दुपारीच पोचा आणि गाडी लांब लावा, महामार्ग तुंबतो.

हात रिकामे करायचे ते कुठे

उपवास, प्रार्थना आणि दान या तिन्हीपैकी दान आपण पाकिटात टाकून मोकळे होतो. चर्चच्या परंपरेत दयेची कृत्यं चौदा मोजतात, सात शरीराची, सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती ही पहिल्या सातातली. दुसऱ्या सातात दुःखिताचं सांत्वन आहे, अपराधाची क्षमा आहे, आणि एक माझं आवडतं: त्रासदायक माणसांना धीरानं सोसणं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना याचा सराव आयताच मिळतो.

गोव्यात हे करायला जागा शोधावी लागत नाही. बहुतेक धर्मग्रामांत गरिबांना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटीची माणसं असतात, घरोघर जातात. त्यांच्याबरोबर एक रविवार फिरा. मुलं परदेशी आणि मोठ्या घरात एकटी म्हातारी, हे इथलं दुखणं. पोर्तुगीज धाटणीचं चार खोल्यांचं घर आणि वापरात एकच खोली. त्यांना पैसे नको असतात, तासभर बसणारं कोणी हवं असतं. बांधकामावरची आणि जेटीवरची परप्रांतीय माणसं आहेत, त्यांची पोरं आहेत. त्यांच्याशी आपण हिंदीत बोलू शकतो, ही आपली जमेची बाजू. फादरांना विचारलंत तर कोलवाळच्या तुरुंगात जाणाऱ्यांचीही गाठ पडेल.

बाणावलीत जन्मलेले संत जोसेफ वाझ श्रीलंकेतल्या कँडीला देवीच्या साथीत रोगी उचलून त्यांची सेवा करत होते, लोक गाव सोडून पळत असताना. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. इथल्या घरांत त्यांचं चित्र असतं. आपण निदान शेजारच्या फ्लॅटची बेल तरी वाजवावी.

शिगमा आणि शेजारी

करेज्माच्या दिवसांतच शिगमा, म्हणजे आपला शिमगा, येतो. ढोल, रोमटामेळाच्या मिरवणुका, ‘ओस्सय’ची आरोळी. इथे कुणी कुणाला अडवत नाही. शेजाऱ्यांनी पुरणपोळी दिली तर घ्या. शुक्रवार असला तरी त्यात मांस नाही.

पवित्र सप्ताह

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या आदल्या रविवारी, मिळालेली झावळी घरी क्रूसामागे खोचा. फेकायची नाही, पुढच्या वर्षी राखेसाठी परत करायची असते.

गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यात बायकांनाही घेता येतं. तुम्हाला विचारलं तर नाही म्हणू नका. मी एकदा बसले होते. पाय आधीच घासून, नखं कापून गेले होते, आणि तरी तो तांब्या जवळ आला तसे पाय मागे ओढावेसे वाटले. कुणाचे पाय धुणं सोपं, धुऊन घेणं फार अवघड. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही नकोच म्हणाला होता. मिसानंतर वेदी उघडी करतात, आणि रात्री उशिरापर्यंत लोक गप्प बसून असतात. अर्धा तास तरी बसा.

उत्तम शुक्रवारी मीस नसतो. घंटाही वाजत नाही. तिच्या जागी लाकडी मात्राक वाजते, कोरडी, खट-खट. तो आवाज ऐकला की आमच्या वाड्यावरची कुत्रीसुद्धा गप्प होतात. दुपारी दुःखसहनाचं वाचन, क्रूसाचं चुंबन. मग पुष्कळ ठिकाणी येशूची मूर्ती क्रूसावरून उतरवतात. खिळे काढतात, मूर्तीचे हात खांद्यात वाकतात आणि खाली येतात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्यानं लहान मुलाला कडेवर घेऊ नये, मूल घाबरतं. त्यानंतर पुर्सांव, मागे काळ्या वेषातली सायबीण. काळे किंवा गडद साधे कपडे घाला.

शनिवारी रात्रीचा जागर लांब असतो, दोन-अडीच तास. अंगणात आग पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या. रिकामी बाटली न्या, आशीर्वादित पाणी मिळतं. तासभर आधी गेलात तर खुर्ची मिळेल, नाहीतर अंगणात उभं राहावं लागेल. मेणबत्तीला कागदी कप लावा. तरी मेण साडीवर पडलंच तर तिथल्या तिथे ओरबाडू नका. घरी येऊन वर-खाली टिपकागद ठेवा आणि कोमट इस्त्री फिरवा, कागद सगळं शोषून घेतो.